रात्री भिजवून सकाळी भाजायचा फ्रेंच टोस्ट: ब्रंचसाठी सविस्तर कृती

तव्यावरचा फ्रेंच टोस्ट दोघातिघांसाठी करायला सोपा असतो; पण टेबलाभोवती सातआठ माणसे बसली की करणाऱ्याची तव्यापासून सुटका होत नाही. तव्यावर एका वेळी फार तर चार काप मावतात, तिसरा घाणा उतरेपर्यंत पहिला गार झालेला असतो, आणि करणारा स्वतः खायला बसतो तेव्हा बाकीच्यांची कॉफीसुद्धा पिऊन झालेली असते. ब्रेड आदल्या रात्री अंडी-दुधाच्या मिश्रणात भिजवून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि सकाळी सगळी डिश एकदम ओव्हनमध्ये भाजायची, ही रीत या अडचणीवरचा उतारा म्हणून लोकप्रिय झाली आहे. मात्र हा तव्यावरच्या पदार्थाचा केवळ मोठा अवतार आहे, असे समजून करायला गेल्यास हमखास फसगत होते. तव्यावरचा काप मिश्रणात जेमतेम अर्धा मिनिट बुडतो आणि त्याचा गाभा कोरडाच राहतो. येथे मात्र मिश्रण रात्रभरात कापाच्या गाभ्यापर्यंत उतरते, त्यामुळे भाजल्यावर आत मऊ, थरथरीत आणि वर खुसखुशीत असा, ब्रेड पुडिंगच्या जवळ जाणारा पदार्थ तयार होतो.

हा पदार्थ मी पहिल्यांदा केला तेव्हा ताजा, लुसलुशीत, पातळ कापलेला ब्रेड घेतला आणि दूध अंदाजाने ओतले. सकाळी वरून सोनेरी रंग आला होता, वासही सुटला होता. पण चमचा तळाला टेकला तेव्हा तिथे बोटभर जाडीचा, रबरासारखा अंड्याचा थर हाताला लागला आणि त्यावरचा ब्रेड लगद्यासारखा झालेला होता. ओव्हनमध्ये काही चुकले असेल, असे समजून पुढच्या दोन वेळा मी तापमान आणि वेळ बदलत बसलो. चूक ओव्हनमध्ये नव्हती, ती आदल्या रात्रीची होती: ब्रेडमध्ये मिश्रण शोषण्याची ताकद नव्हती आणि मिश्रणही गरजेपेक्षा जास्त होते. म्हणून या लेखात रात्रीच्या कामाला सकाळच्या कामापेक्षा जास्त जागा दिली आहे.

साहित्य आणि प्रमाण

पुढील प्रमाण सहा ते आठ जणांना पुरते. त्यासाठी २३ सेंटीमीटर रुंद, ३३ सेंटीमीटर लांब आणि निदान ५ सेंटीमीटर खोल अशी, साधारण ३ लिटर मावेल एवढी बेकिंग डिश लागते. ब्रेड ५०० ग्रॅम, मोठी अंडी ८, सायीसकट दूध ५०० मिलिलिटर, क्रीम १५० मिलिलिटर, साखर ६० ग्रॅम, व्हॅनिला इसेन्स २ चहाचे चमचे, दालचिनीची पूड १ चहाचा चमचा, किसलेले जायफळ पाव चमचा, मीठ अर्धा चमचा आणि डिशला लावण्यासाठी १५ ग्रॅम लोणी, एवढे मूळ पदार्थासाठी घ्यावे. वरच्या खुसखुशीत चुऱ्यासाठी ७५ ग्रॅम गार लोणी, ७५ ग्रॅम ब्राउन शुगर, ६० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम ओट्स, ६० ग्रॅम जाडसर कापलेले अक्रोड किंवा बदाम, अर्धा चमचा दालचिनीची पूड आणि चिमूटभर मीठ वेगळे काढून ठेवावे.

या आकड्यांमागचे गणित ध्यानात ठेवले, तर डिश लहानमोठी झाली तरी अडत नाही. मोठ्या अंड्याचे कवचाशिवाय वजन साधारण ५० ग्रॅम असते, म्हणजे आठ अंड्यांचे ४०० ग्रॅम. त्यात दूध आणि क्रीम मिळवले की सगळे मिश्रण हजार-अकराशे ग्रॅमच्या आसपास जाते. ब्रेडच्या वजनाच्या दुपटीहून किंचित जास्त मिश्रण, हे ते प्रमाण. दीडपट मिश्रण घेतले तर कापांच्या गाभ्यात कोरडे डाग राहतात आणि अडीचपटीच्या पुढे गेल्यास तळाला मिश्रण साचून तो वर सांगितलेला रबरी थर तयार होतो. अंडी लहान असतील तर मोजून आठ घेण्याऐवजी फोडून वजन करावे आणि ४०० ग्रॅम भरेपर्यंत एकदोन जास्त घ्यावीत. चारच माणसे असल्यास सगळे प्रमाण निम्मे करून २० सेंटीमीटरच्या चौकोनी डिशमध्ये करता येते, कारण तिचा तळ मोठ्या डिशच्या जवळजवळ निम्मा भरतो. माणसे दुप्पट असतील तर मात्र खोल भांड्यात दुप्पट थर लावू नयेत, दोन डिश कराव्यात. जाड थराचा मध्य शिजेपर्यंत कडा करपतात.

गोडी मुद्दाम कमी ठेवलेली आहे. चुऱ्यात साखर आहे, वाढताना बहुतेक जण वरून सिरप घेतात, फळे असतील तर त्यांचीही गोडी असते. मिश्रणातच साखर वाढवली तर तिसऱ्या घासाला कंटाळा येतो. मीठ मात्र वगळू नये. ते चवीला खारट लागत नाही, पण त्याच्याशिवाय अंड्या-दुधाचा सगळा प्रकार सपक लागतो.

ब्रेड

फ्रेंच भाषेत या पदार्थाला ‘पॅं पर्द्यू’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘वाया गेलेला पाव’ असा होतो. शिळा ब्रेड सत्कारणी लावण्याची ही युक्ती आहे आणि म्हणूनच जवळजवळ प्रत्येक कृतीत ‘शिळा ब्रेड घ्या’ असे लिहिलेले असते. ही सूचना चुकीची नाही, पण अपुरी आहे. ब्रेड शिळा होणे आणि ब्रेड सुकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ज्याँ-बातिस्त बूसँगो यांनी १८५२ मध्येच दाखवून दिले होते की, हवाबंद ठेवलेला ब्रेड पाण्याचा अंशही न गमावता शिळा होतो, आणि तो साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत गरम केला की पुन्हा मऊ पडतो. शिळेपणात मुख्यतः ब्रेडमधील स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना घट्ट चिकटून कडक होतात आणि ही क्रिया फ्रिजच्या तापमानात सर्वांत वेगाने घडते. म्हणजे पिशवीत गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवलेला ब्रेड हाताला कडक लागला, तरी त्यातील ओलावा तसाच असतो. त्यामुळे तो मिश्रण शोषून घेण्याच्या बाबतीत ताज्या ब्रेडपेक्षा फारसा सरस ठरत नाही.

आपल्याला शिळेपणापेक्षा कोरडेपणा हवा आहे आणि तो ओव्हनमध्ये पाव तासात मिळतो. काप जाळीवर किंवा ट्रेमध्ये एकमेकांना न चिकटता पसरावेत, ओव्हन १५० अंशांवर ठेवावा, आठ-दहा मिनिटांनी काप उलटावेत आणि आणखी सात-आठ मिनिटे ठेवावेत. काप तपकिरी होऊ द्यायचे नाहीत. पृष्ठभाग खडबडीत आणि कोरडा लागला, बोटाने वाजवल्यावर ‘टक्’ असा आवाज आला, पण मध्ये दाबल्यावर थोडा लुसलुशीतपणा जाणवला, की काढून घ्यावेत. असा काप पूर्ण गार झाल्यावरच वापरावा. गरम कापावर मिश्रण ओतल्यास वरचा पापुद्रा लगेच मऊ पडून सुटू लागतो, शिवाय अंड्याचे मिश्रणही कोमट होते आणि ते रात्रभर ठेवायचे असल्याने तसे होणे बरे नाही.

ब्रेडच्या जातीबद्दल मते अनेक आहेत. माझे मत ब्रियोश किंवा हाला यांच्या बाजूने आहे. या दोन्ही पावांच्या कणकेत अंडी असतात, ब्रियोशमध्ये भरपूर लोणीही असते, आणि त्यांचा गाभा बारीक, एकसारख्या जाळीचा असल्याने मिश्रण सगळीकडे सारखे पसरते. ते न मिळाल्यास न कापलेला साधा दुधाचा पांढरा ब्रेड घ्यावा. मोठ्या भोकांचा, जाड आणि चिवट सालीचा आंबवलेला ब्रेड चवीला उत्तम लागतो, पण त्याच्या भोकांतून मिश्रण खाली वाहून जाते आणि साल रात्रभरातही पुरती मऊ पडत नाही. वापरायचाच असेल तर साल काढून टाकावी. बाजारातील पातळ कापांचा सँडविच ब्रेड या पदार्थासाठी सर्वांत गैरसोयीचा ठरतो, कारण सुकवल्यावर त्याचे टोस्ट होतात आणि न सुकवल्यास लगदा होतो.

काप २ ते २.५ सेंटीमीटर जाडीचे असावेत. काहीजण ३ सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे करतात. ते डिशमध्ये पटकन भरतात, चमच्याने वाढायलाही सोपे जातात आणि पदार्थ सगळीकडे एकसारखा मऊ होतो. मला काप बरे वाटतात. प्रत्येक काप तिरका अर्धा कापून, छपरावर कौले रचावीत तसे एकावर एक रेलून ठेवले की त्यांच्या वरच्या कडा मिश्रणाबाहेर राहून कुरकुरीत होतात आणि खालचा भाग मऊ शिजतो. एकाच घासात दोन्ही मिळणे ही या पदार्थाची खरी मजा आहे.

अंडी-दुधाचे मिश्रण

मोठ्या भांड्यात प्रथम साखर, मीठ, दालचिनी आणि जायफळ कोरडेच एकत्र करावे. दालचिनीची पूड पातळ दुधात टाकली तर ती भिजत नाही, तिच्या गुठळ्या होऊन वर तरंगतात आणि मिश्रण ओतताना सगळी पूड एकाच कोपऱ्यात जाऊन बसते. साखरेत आधी चोळून घेतली म्हणजे हा त्रास बराच कमी होतो. नंतर अंडी फोडून घालावीत आणि लगेच फेटायला लागावे. साखर पिवळ्या बलकावर तशीच पडून राहिली तर ती त्यातील पाणी ओढून घेते आणि बलकाचे बारीक कडक कण तयार होतात, जे पुढे कितीही फेटले तरी मोडत नाहीत.

फेटताना फेस काढायचा नाही. व्हिस्क भांड्याच्या तळाला टेकवून पुढेमागे फिरवावे म्हणजे पांढरे आणि पिवळे मिसळते पण हवा भरत नाही. फेसाळ मिश्रण कापांवर पसरल्यास वर बुडबुड्यांचा थर राहतो आणि भाजताना त्याची कोरडी साय धरते. पांढऱ्याचे तार दिसेनासे झाले की गार दूध, क्रीम आणि व्हॅनिला घालून ढवळावे व सगळे गाळणीतून गाळून घ्यावे. गाळण्याचा कंटाळा करणारे बरेच आहेत आणि मीही त्यांच्यात होतो. पण पांढऱ्याचा जो दोरीसारखा भाग फुटत नाही, तो भाजल्यावर मऊ गाभ्यात पांढरा ठिपका होऊन दिसतो आणि दाताखाली येतो. काही कृतींत मिश्रणातच पातळ केलेले लोणी घालायला सांगतात. गार दुधात ते पडताच गोठून त्याचे दाणे होतात, म्हणून ते येथे घेतलेले नाही. स्निग्धांश क्रीममधून मिळतोच. क्रीम न वापरता सगळे दूध घेतले तरी पदार्थ जमतो, फक्त गाभा थोडा घट्ट लागतो. मलई काढलेले दूध मात्र टाळावे.

अधिक मुलायम गाभा हवा असल्यास आठ अंड्यांऐवजी सहा अंडी आणि तीन जादा पिवळे बलक घ्यावेत.

रचणे आणि रात्रभर मुरवणे

डिशला तळाला आणि कडांना लोणी लावून काप रचावेत. काप दाटीने बसले पाहिजेत; मोकळ्या जागा राहिल्या की तिथे मिश्रणाची तळी साचतात. कोपऱ्यांत उरलेले लहान तुकडे खुपसून द्यावेत. मिश्रण एकदम न ओतता आधी दोन-तृतीयांश, सगळ्या कापांच्या वरच्या कडांवरून फिरवत ओतावे आणि दहा मिनिटे थांबावे. मग तळहाताने, फार जोर न लावता, काप एकेक करून खाली दाबावेत: प्रथम बोटांमधून मिश्रण वर येते आणि हात उचलताच काप स्पंजासारखा फुगत ते पुन्हा आत ओढून घेतो. असे झाले म्हणजे ब्रेड नीट सुकला होता. मिश्रण वर येऊन तसेच साचून राहिले, तर ब्रेडची तहान भागली आहे असे समजावे आणि उरलेल्यातील थोडे मिश्रण मागे ठेवायला कचरू नये. एरवी उरलेले एक-तृतीयांश ओतावे, आणखी दहा मिनिटांनी पुन्हा एकदा दाबावे आणि डिश एका बाजूला किंचित कलती करून कोपऱ्यात पाहावे. तिथे दोनतीन चमचे मिश्रण दिसले तर ठीक आहे, ते रात्रीत मुरते. वाटीभर जमले तर चमच्याने काढून घ्यावे. हे वीस मिनिटांचे थांबणे आणि तपासणे टाळून डिश थेट फ्रिजमध्ये ढकलली, तर चूक कळते ती दुसऱ्या दिवशी ताटात.

त्यानंतर डिशवर क्लिंग फिल्म किंवा फॉइल घट्ट लावावी. उघडी राहिल्यास वरच्या कडा वाळून चामड्यासारख्या होतात आणि दुधाला फ्रिजमधले सगळे वास लागतात. फ्रिजचे तापमान ४ अंश किंवा त्याहून कमी असावे, कारण कच्ची अंडी आणि दूध यांचे हे मिश्रण ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात फार वेळ राहणे धोक्याचे असते. आठ ते बारा तासांत ब्रेड पुरता मुरतो. काही कारणाने बेत पुढे गेला तर चोवीस तासांपर्यंत डिश ठेवता येते, मात्र त्यापुढे काप आपला आकार सोडू लागतात.

वेळ नसेल तर सकाळी रचून तासा-दीड तासाने भाजले तर चालत नाही का, असे पुष्कळदा विचारले जाते. ब्रेड चांगला सुकवलेला असेल आणि तुकडे लहान असतील तर चालते. जाड कापांच्या गाभ्यात मात्र मिश्रण सावकाश उतरते आणि तेवढ्या वेळात आत कोरडी रेघ राहते. रात्रभर ठेवण्याचा फायदा केवळ सोयीचा नाही, तो येथे आहे.

चुरा

चुऱ्यासाठी मैदा, ओट्स, साखर, दालचिनी आणि मीठ एकत्र करून त्यात गार लोण्याचे तुकडे बोटांच्या टोकांनी चोळावेत, वाटाण्याएवढे गोळे झाले की थांबावे, आणि मग अक्रोड किंवा बदाम मिसळावेत. हा चुरा रात्रीच करून वेगळ्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावा. डिशवर तो रात्री पसरू नये: ओल्या ब्रेडवर रात्रभर पडलेला चुरा पाणी पिऊन पिठाचा लेप होतो आणि कितीही भाजला तरी खुसखुशीत होत नाही. पाहुण्यांपैकी कोणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारून ठेवावे. नुसत्या ओट्सचा चुराही छान होतो.

सकाळ

ब्रंचची वेळ अकराची धरू आणि मागे मोजत जाऊ. डिश ओव्हनमधून पावणेअकराला बाहेर यायला हवी, कारण तिला दहा-पंधरा मिनिटे निवू द्यायचे आहे. भाजायला पंचावन्न मिनिटे लागतात, म्हणजे दहाला दहा कमी असताना ती आत गेली पाहिजे. ओव्हन साडेनऊला लावावा आणि डिश सव्वानऊला फ्रिजमधून काढून ठेवावी. या अर्ध्या तासाच्या थांबण्याला दोन कारणे आहेत. बर्फासारख्या गार डिशच्या कडा शिजतात तेव्हा मध्य अजून गारच असतो, हे एक. आणि काचेची किंवा चिनीमातीची गार डिश तापलेल्या ओव्हनमध्ये गेली तर तापमानाच्या धक्क्याने ती तडकू शकते, हे दुसरे आणि जास्त महत्त्वाचे. याच कारणासाठी भाजलेली काचेची डिश ओल्या ओट्यावर ठेवू नये. कोरड्या जाड फडक्यावर किंवा लाकडी पाटावर ठेवावी.

ओव्हन १७५ अंशांवर तापवावा. पंख्याचा ओव्हन असेल तर १५५ ते १६० अंश पुरेत. क्लिंग फिल्म लावलेली असेल तर ती आठवणीने काढावी, डिशवर फॉइल झाकावी, ती कापांना चिकटू नये म्हणून तंबूसारखी थोडी उंच ठेवावी, आणि डिश मधल्या जाळीवर ठेवून ३० मिनिटे भाजावी. या टप्प्यात आतली वाफ कोंडून राहते आणि वरचा भाग न करपता मध्य गरम होतो. मग फॉइल काढून, ओव्हनचे दार जास्त वेळ उघडे न ठेवता, फ्रिजमधला चुरा पसरावा आणि न झाकता आणखी २५ मिनिटे भाजावे. कृतींमध्ये सहसा चुरा सुरुवातीलाच पसरायला सांगतात. मी तो अर्ध्यावर पसरतो, कारण फॉइलखाली अर्धा तास वाफ खाल्लेला चुरा मऊ पडतो. शेवटी रंग फिका वाटला तर पाच मिनिटे तापमान १९० अंशांवर न्यावे, पण त्या पाच मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नये.

झाले की नाही हे ओळखण्याच्या खुणा अशा. कडा फुगून वर येतात आणि डिशच्या भिंतीपासून किंचित सुटतात. डिश हलकेच हलवली तर मध्यभाग एकसंध थरथरतो, पाण्यासारखा डुचमळत नाही. मधल्या कापात सुरी खुपसून थोडी वाकवल्यावर त्या फटीत दुधाळ पातळ द्रव दिसला तर अजून वेळ आहे. सुरी ओलसर पण स्वच्छ निघाली तर झाले. थर्मामीटर असेल तर अंदाज करण्याची गरजच उरत नाही. अंड्यांचे पदार्थ सुरक्षित मानले जाण्यासाठी मध्यभागी ७१ अंश तापमान यावे लागते. दूध आणि साखर मिसळल्यामुळे अंडे घट्ट व्हायला त्याहून जरा जास्त उष्णता लागते, म्हणून या पदार्थाचा मध्य ७५ ते ८० अंशांवर असताना डिश बाहेर काढावी. ८५ अंशांच्या पुढे अंड्यातील प्रथिने आवळत जातात आणि त्यांनी धरून ठेवलेले पाणी पिळून बाहेर टाकतात. वाढताना तळाला जे पातळ पाणी साचलेले दिसते ते कच्चेपणाचे नसून बहुधा अति भाजल्याचे असते. लोक ते पाहून पुढच्या वेळी आणखी दहा मिनिटे भाजतात आणि पाणी वाढते.

ओव्हनमधून निघालेला टोस्ट डिशच्या काठावर डोकावतो आणि पाहता पाहता खाली बसतो. आतल्या वाफेने तो फुगलेला असतो, गार होताना बसणारच. त्यात काही बिघडलेले नाही. पाहुण्यांना फुगलेला दाखवायचा असेल तर त्यांना ओव्हनपाशीच बोलवावे. दहा मिनिटांत गाभा स्थिरावतो आणि चौकोन स्वच्छ कापले जातात. त्याआधी कापल्यास चमच्याने वाढल्यासारखे ढीग निघतात. वरून थोडी पिठीसाखर चाळावी, मेपल सिरप कोमट करून वेगळ्या भांड्यात द्यावे आणि सोबत न गोडवलेले घट्ट दही किंवा आंबटसर ताजी फळे ठेवावीत, कारण एवढ्या गोड आणि तुपकट पदार्थाला आंबटाची जोड लागतेच.

फळे घालायची असल्यास

ब्लूबेरी किंवा रास्पबेरी १५० ते २०० ग्रॅम, रचतानाच कापांच्या मध्ये टाकता येतात. गोठवलेल्या बेरी वितळवू नयेत, तशाच टाकाव्यात. वितळल्यावर त्यांचा रस सुटून सगळे मिश्रण निळसर-करडे होते. सफरचंद कच्चे टाकल्यास पंचावन्न मिनिटांतही दाताखाली करकरीत राहते आणि पाणीही सोडते, म्हणून पातळ फोडी चमचाभर लोण्यात आणि थोड्या साखरेत मऊ होईपर्यंत परतून, गार करून घ्याव्यात. केळी रात्रभरात काळी पडतात. ती सकाळी डिश ओव्हनमध्ये जाण्याआधी खोचावीत.

अननस, किवी आणि पपई ही तीन फळे कच्ची कधीच घालू नयेत. अननसात ब्रोमेलिन, किवीत ॲक्टिनिडिन आणि पपईत पपेन ही प्रथिने तोडणारी एन्झाइम असतात. अंड्या-दुधाचे मिश्रण घट्ट होते ते प्रथिनांच्या जाळ्यामुळे, आणि ही एन्झाइम रात्रभर त्याच प्रथिनांचे तुकडे करत राहतात. परिणामी सकाळी पदार्थ धड आळत नाही आणि दूध कडवट लागते. शिजवलेल्या किंवा डबाबंद अननसात उष्णतेमुळे ब्रोमेलिन निकामी झालेले असते, त्यामुळे तो निथळून वापरता येतो. लिंबाचा किंवा संत्र्याचा रसही मिश्रणात नको, दूध नासते. त्यांच्या सालीचा किस मात्र अवश्य घालावा, एका संत्र्याची साल एवढ्या प्रमाणाला पुरते.

अंड्याशिवाय करता येईल का, हाही प्रश्न येतो. कॉर्नफ्लोअरने दूध आधी दाटसर शिजवून, गार करून, त्यात ब्रेड भिजवला तर एक चांगला गोड पदार्थ होतो. तो याच नावाने वाढायला हरकत नाही, पण त्यात अंड्याचा थरथरीत गाभा येत नाही आणि फुगतही नाही; तीच अपेक्षा ठेवून केल्यास निराशा होईल.

उरलेला टोस्ट

बाहेर काढल्यापासून दोन तासांच्या आत उरलेले भाग झाकून फ्रिजमध्ये जायला हवेत. तिथे ते तीन-चार दिवस राहतात. मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्यास गाभा बरा होतो पण चुरा मऊ पडतो. त्यापेक्षा एकेक चौकोन १६० अंशांच्या ओव्हनमध्ये, पहिली दहा मिनिटे झाकून आणि नंतर पाच मिनिटे उघडा ठेवून, आतपर्यंत चांगला वाफाळेल इतका गरम करावा. जास्त दिवस ठेवायचा असल्यास पूर्ण गार झालेले चौकोन वेगवेगळे गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवावेत. ते दोन महिन्यांच्या आत संपवावेत आणि गरम करण्याच्या आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये आणून ठेवावेत. लोण्यावर तव्यात दोन्ही बाजूंनी परतलेला दुसऱ्या दिवशीचा गार चौकोन मला पहिल्या दिवसापेक्षाही जास्त आवडतो, म्हणून एक कोपरा मी वाढायच्या आधीच बाजूला काढून ठेवतो.